पट्टी बरोबर आली, पण कोणत्या वाटेनं? टेस्टमध्ये ट्रेस गोळा करून तपासायला शिका

पट्टी म्हणजे अडत्यानं शेतकऱ्याला द्यायची विक्रीच्या हिशेबाची पावती. ती काढणाऱ्या सॉफ्टवेअरची टेस्ट आपल्याला शेवटचा आकडा सांगते. चाळीस पोती राजापुरी हळद, अमुक दर, हमाली-तोलाई वजा, शेतकऱ्याला एवढे रुपये. आकडा जुळला की टेस्ट हिरवी. पण तो आकडा काढताना डेटाबेसला चारदा विचारलं की चाळीसदा, पट्टी साठवायच्या आधीच शेतकऱ्याला एसएमएस गेला का, मध्येच एखादी एरर कुणी गुपचूप गिळली का, यातलं काहीच त्या हिरव्या खुणेत दिसत नाही. सांगली मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात असतात तेव्हा नेमक्या याच न दिसलेल्या गोष्टी काउंटरवर रांग लावतात.

हे सगळं ट्रेसमध्ये, म्हणजे एका रिक्वेस्टमध्ये काय काय आणि कोणत्या क्रमानं घडलं याच्या नोंदीत दिसतं. बहुतेक ठिकाणी मात्र ट्रेसची आठवण प्रॉडक्शनमध्ये काही अडलं की मगच होते. तोच ट्रेस टेस्ट चालू असताना मेमरीत गोळा करायचा आणि त्यावरच तपासण्या लिहायच्या, एवढंच इथं शिकायचं आहे. तुम्हाला पायथन बऱ्यापैकी येतं आणि पायटेस्ट चालवता येते, एवढं मी धरून चाललो आहे. कॉलेजातून नुकतेच बाहेर पडून विश्रामबाग किंवा मिरज रोडवरच्या एखाद्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागला असाल, तर पहिल्या महिन्यातच हे करून बघा. नव्या माणसाला जुना कोड समजून घ्यायला यासारखी दुसरी वाट नाही.

उदाहरण म्हणून अडत दुकानाचं एक साधं सॉफ्टवेअर घेऊ. आवक नोंदवायची, सौद्यात ठरलेला दर टाकायचा, प्रत्येक पोत्याचा तोल घ्यायचा, पट्टी करायची आणि शेतकऱ्याला एसएमएस पाठवायचा. फंक्शनची नावं इथं देवनागरीत लिहिली आहेत. तुमच्या कोडमध्ये ती जशी असतील तशी असू द्या.

ट्रेस म्हणजे काय, थोडक्यात

यार्डात पोत्यांची थप्पी लागली की त्या लॉटला एक नंबर मिळतो. सौदा, तोल, पट्टी, जिथं जिथं तो माल जाईल तिथं तोच नंबर लिहिला जातो. ट्रेस आयडी म्हणजे असाच लॉट नंबर, फक्त मालाऐवजी एका रिक्वेस्टचा.

त्या रिक्वेस्टमधलं प्रत्येक काम म्हणजे एक स्पॅन. स्पॅनला नाव असतं, सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ असते, ॲट्रिब्यूट्स (नाव आणि किंमत अशा जोड्या) असतात, स्टेटस असतो आणि आपला पालक स्पॅन कोणता याची नोंद असते. पालक नसलेला स्पॅन म्हणजे मूळ. पालक-मुलांच्या या नात्यांवरून जे झाड उभं राहतं तोच ट्रेस. ट्रेस आयडी १६ बाइटचा, म्हणजे हेक्समध्ये ३२ अक्षरांचा असतो. स्पॅन आयडी ८ बाइटचा, म्हणजे १६ अक्षरांचा.

ही कल्पना गूगलच्या डॅपर या प्रणालीवरच्या २०१० च्या शोधनिबंधामुळे सर्वत्र पसरली. पुढे ट्रेस गोळा करून दाखवणारी साधनं आली: ट्विटरनं २०१२ मध्ये झिपकिन खुलं केलं, उबरमधून येगर आलं. ओपनट्रेसिंग आणि ओपनसेन्सस हे दोन वेगळे प्रकल्प २०१९ मध्ये एकत्र होऊन ओपनटेलिमेट्री हा ट्रेस बनवण्या-पाठवण्याचा खुला संच झाला. आज नवीन शिकणाऱ्यानं थेट ओपनटेलिमेट्रीच धरावं. बाकीची नावं जुन्या कोडमध्ये भेटतील तेव्हा ओळखता आली म्हणजे झालं.

पायरी १: दोन पॅकेज

ओपनटेलिमेट्रीचं एपीआय आणि एसडीके ही दोन वेगळी पॅकेज आहेत, आणि दोन्ही लागतात. एपीआय म्हणजे आपल्या ॲप्लिकेशन कोडमध्ये जे वापरायचं ते. एसडीके म्हणजे स्पॅन प्रत्यक्ष तयार करून पुढं पाठवणारं यंत्र. एसडीके जोडलेलं नसेल तर एपीआय निमूटपणे काहीच करत नाही. एररही देत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी 'स्पॅन येतच नाहीत' अशी अडचण आली तर आधी हे बघा की प्रोव्हायडर सेट झाला आहे का.

पायरी २: स्पॅन साठवायला मेमरीतली जागा

एसडीकेमध्ये तीन भाग एकापुढे एक असतात. ट्रेसर प्रोव्हायडर स्पॅन बनवतो, स्पॅन प्रोसेसर संपलेला स्पॅन हातात घेतो आणि एक्स्पोर्टर तो कुठंतरी पोचवतो. प्रॉडक्शनमध्ये एक्स्पोर्टर नेटवर्कवरून पाठवतो. टेस्टसाठी एसडीकेमध्येच इन-मेमरी स्पॅन एक्स्पोर्टर तयार मिळतो. तो संपलेले स्पॅन एका यादीत ठेवतो. 'गेट फिनिश्ड स्पॅन्स' म्हटलं की यादी देतो आणि 'क्लिअर' म्हटलं की रिकामा होतो. याहून जास्त त्याच्याकडून आपल्याला काही नको.

प्रोसेसर निवडताना मात्र नवीन माणूस हमखास अडकतो. उदाहरणं बघून बॅच स्पॅन प्रोसेसर उचलला जातो, कारण प्रॉडक्शनसाठी तोच योग्य आहे. पण तो स्पॅन साठवून ठेवतो आणि ठरावीक वेळानं, मूळ सेटिंगमध्ये ५ सेकंदांनी, किंवा ५१२ चा गठ्ठा झाला की एकदम पाठवतो. आपली टेस्ट पाव सेकंदात संपते, यादी रिकामी दिसते. मग कुणीतरी मध्ये स्लीप टाकतं आणि टेस्ट कधी पास होते, कधी नाही. टेस्टमध्ये सिंपल स्पॅन प्रोसेसर वापरा. स्पॅन संपला की त्याच क्षणी तो एक्स्पोर्टरकडे जातो. बॅचवालाच ठेवणं भाग असेल तर तपासणीच्या आधी 'फोर्स फ्लश' करा, स्लीप नको.

प्रोव्हायडर बनवताना सॅम्पलरही (किती ट्रेस ठेवायचे हे ठरवणारा भाग) स्वतः सांगा: नेहमी चालू. कुणाच्या मशीनवर किंवा सीआयमध्ये (कोड पाठवला की टेस्ट आपोआप चालवणारी व्यवस्था) एनव्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून सॅम्पलिंग दहा टक्क्यांवर ठेवलेलं असेल, तर तुमच्या दहातल्या नऊ टेस्ट विनाकारण लाल होतील आणि कारण शोधता शोधता संध्याकाळ होईल.

पायरी ३: फिक्स्चर

पायथनमध्ये ग्लोबल ट्रेसर प्रोव्हायडर एकदाच सेट करता येतो. दुसऱ्यांदा केला तर लायब्ररी लॉगमध्ये इशारा देते आणि जुनाच चालू ठेवते. त्यामुळे प्रत्येक टेस्टला नवा प्रोव्हायडर बनवण्याचा विचार सोडा. पहिल्या टेस्टनंतरच्या सगळ्या टेस्टना रिकामी यादी मिळेल. मांडणी अशी करा: प्रोव्हायडर आणि एक्स्पोर्टर पूर्ण सेशनसाठी एकदाच, आणि प्रत्येक टेस्टच्या आधी फक्त 'क्लिअर'.

    सेशन सुरू होताना एकदाच:
        संग्रह = इन-मेमरी एक्स्पोर्टर
        प्रोव्हायडर = ट्रेसर प्रोव्हायडर (सॅम्पलर: नेहमी चालू)
        प्रोव्हायडरला सिंपल प्रोसेसर जोड (संग्रह)
        ग्लोबल प्रोव्हायडर म्हणून सेट कर

    प्रत्येक टेस्टला:
        संग्रह.क्लिअर
        टेस्टच्या हातात संग्रह दे

आणखी नीटनेटकं हवं असेल तर ग्लोबलच्या भानगडीत न पडता ट्रेसर थेट क्लासला किंवा फंक्शनला पास करा. मला तेच आवडतं, पण जुन्या कोडमध्ये तेवढा बदल कुणी करू देत नाही. म्हणून वरची मांडणी.

पायरी ४: कोडमध्ये स्पॅन घालणं

पट्टी तयार करणाऱ्या फंक्शनभोवती 'स्टार्ट ॲज करंट स्पॅन' हा विथ ब्लॉक लावा. आतल्या महत्त्वाच्या कामांना त्यांचे वेगळे स्पॅन द्या: लॉट वाचणं, तोल वाचणं, कपात काढणं, साठवणं, एसएमएस. डेटाबेस आणि एचटीटीपीसाठी तयार इन्स्ट्रुमेंटेशन पॅकेज, म्हणजे स्पॅन आपोआप घालणारी पॅकेज मिळतात. एसक्यूएलअल्केमी, जँगो, फ्लास्क, रिक्वेस्ट्स, सगळ्यांना आहेत. ती चालू केली की क्वेरीचे स्पॅन फुकट मिळतात.

प्रत्येक फंक्शनला स्पॅन लावू नका. हिशेबातल्या बेरजा-वजाबाक्यांना स्पॅनची गरज नाही. जिथं बाहेर जाणं आहे, जिथं काही साठवलं जातं, जिथं धंद्याचा एखादा टप्पा पूर्ण होतो, तिथं लावा. स्पॅनच्या नावात लॉट नंबर घालू नका. 'पट्टी.तयार' असं नाव ठेवा आणि लॉट नंबर ॲट्रिब्यूटमध्ये द्या. नावातच नंबर गेला तर नावावरून शोधणं, मोजणं सगळं बंद पडतं.

ॲट्रिब्यूटमध्ये स्ट्रिंग, बूलियन, पूर्णांक, फ्लोट आणि त्यांच्या याद्या चालतात. पैशाचा हिशेब करणारे आपण सगळे डेसिमल वापरतो, आणि डेसिमल या यादीत नाही. रक्कम डेसिमलमध्ये दिलीत तर लायब्ररी लॉगमध्ये एक इशारा टाकते आणि ती किंमत सरळ सोडून देते. टेस्टमध्ये मग 'रक्कम नावाचं ॲट्रिब्यूटच नाही' असं येतं आणि माणूस डोकं धरून बसतो. रक्कम पैशांमध्ये, पूर्णांक म्हणून द्या: ४८,२५० रुपये असतील तर ४८२५०००. नन (पायथनमधली रिकामी किंमत) दिलं तरी तेच होतं, म्हणून मोकळी फील्ड पाठवूच नका.

पायरी ५: तपासण्याआधी डोळ्यांनी बघा

लगेच असर्ट लिहायला घेऊ नका. आधी झाड छापून बघा. पंधरा-वीस ओळींचं एक छोटं फंक्शन लिहा: संग्रहातले स्पॅन घ्या, पालकाच्या आयडीवरून गट करा, प्रत्येक गट सुरू झाल्याच्या वेळेनुसार लावा आणि पातळीप्रमाणे आत सरकवून छापा. वेळ नॅनोसेकंदांत असते, तिला दहा लाखांनी भागलं की मिलिसेकंद. यादी जशी येते तशी छापून उपयोग नाही, कारण तिच्यात स्पॅन संपण्याच्या क्रमानं असतात. मुलं आधी, मूळ सगळ्यात शेवटी.

एका चाळीस पोत्यांच्या लॉटची पट्टी केली आणि हे आलं:

    पट्टी.तयार  ३४० मिलिसेकंद
        लॉट.वाच  ६
        पोते.तोल  ४
        पोते.तोल  ५
        पोते.तोल  ४
        (अशाच आणखी ३७ ओळी)
        कपात.हिशेब  १
        एसएमएस.पाठव  ११०
        पट्टी.साठव  १४

दोन गोष्टी बघा. एक, पोत्यागणिक एक क्वेरी जाते आहे. दोन, एसएमएस पट्टी साठवण्याच्या आधी जातो. साठवताना काही बिघडलं तर शेतकऱ्याच्या मोबाइलवर रक्कम पोचलेली आणि दुकानाच्या दप्तरात पट्टीच नाही. त्या शेतकऱ्याला समजावत बसायची वेळ काउंटरवरच्या दिवाणजींवर येणार. आकड्यांच्या सगळ्या टेस्ट या कोडवर हिरव्या होत्या, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. त्यांना हे विचारलंच नव्हतं.

चित्रात बघायचं असेल तर येगरचा ऑल-इन-वन कंटेनर लोकल मशीनवर चालवा. ४३१७ पोर्टवर जीआरपीसीनं किंवा ४३१८ वर एचटीटीपीनं ट्रेस पाठवायचे आणि ब्राउझरमध्ये १६६८६ पोर्ट उघडायचा. शिकायला छान आहे. टेस्टना मात्र त्यावर अवलंबून ठेवू नका. टेस्ट इंटरनेट आणि कंटेनर दोन्ही नसताना चालायला हवी.

पायरी ६: आता असर्ट

सगळ्यात मोठा मोह म्हणजे पूर्ण झाड जसंच्या तसं जुळवायचं. अशी टेस्ट महिनाभर टिकते. मग कुणी एक साधा स्पॅन वाढवतं, वीस टेस्ट लाल होतात, आणि चौथ्या वेळी कुणीतरी त्या सगळ्या काढून टाकतं. ट्रेसवर लिहायची तपासणी म्हणजे धंद्याचा एखादा नियम असला पाहिजे, जो मोडला तर बाहेर कुणाचं तरी खरंच नुकसान होईल. कोडची आतली मांडणी बदलायला सहकाऱ्याला मोकळीक हवी. मी एका टेस्टमध्ये एकच नियम ठेवतो.

पहिला नियम, क्वेरींची संख्या. 'बरोबर चार क्वेरी हव्यात' असं लिहू नका. दोन पोत्यांचा लॉट आणि चाळीस पोत्यांचा लॉट, दोन्ही चालवा आणि दोन्हींची संख्या सारखी आहे का बघा.

    टेस्ट: पोती वाढली तरी क्वेरी वाढू नयेत
        पट्टी_तयार (२ पोत्यांचा लॉट)
        लहान = संग्रहातल्या क्वेरी स्पॅनची संख्या
        संग्रह.क्लिअर
        पट्टी_तयार (४० पोत्यांचा लॉट)
        मोठी = संग्रहातल्या क्वेरी स्पॅनची संख्या
        लहान शून्य नाही ना, हे बघ
        लहान आणि मोठी सारख्या आहेत ना, हे बघ

'शून्य नाही ना' ही ओळ गाळू नका. इन्स्ट्रुमेंटेशन बंद पडलं तर दोन्हीकडे शून्य येईल, शून्य बरोबर शून्य होईल आणि टेस्ट ऐटीत पास होईल. मोजताना फक्त क्वेरीचेच स्पॅन घ्या. एसक्यूएलअल्केमीचं इन्स्ट्रुमेंटेशन डेटाबेस जोडणीसाठी 'कनेक्ट' नावाचा वेगळा स्पॅनही देतं, तो धरला तर संख्या चुकते.

दुसरा नियम, क्रम. 'एसएमएस.पाठव' सुरू होण्याची वेळ 'पट्टी.साठव' संपण्याच्या वेळेनंतरची किंवा तीच असली पाहिजे. 'किंवा तीच' मुद्दाम म्हणतो आहे. काही मशीनवर, विशेषतः विंडोजवर, घड्याळाची बारकाई कमी असते आणि पाठोपाठच्या दोन घटनांची वेळ एकच येते. आणि 'पट्टी.साठव'च्या स्पॅनमध्ये ट्रॅन्झॅक्शनचं कमिट आत आहे ना, तेही बघा. कमिट बाहेर असेल तर ही तपासणी नुसती शोभेची.

तिसरा, एकदाच घडायला हवं ते एकदाच घडतं का. काउंटरवर प्रिंट अडकला की माणूस तेच बटण पुन्हा दाबतो, हे धरूनच चाला. पट्टी तयार करायचं फंक्शन एकाच लॉटसाठी दोनदा बोलवा आणि 'पट्टी.साठव' व 'एसएमएस.पाठव' हे दोन्ही स्पॅन एकेकदाच आहेत हे तपासा. मॉक (खऱ्या फंक्शनच्या जागी बसवलेलं खोटं फंक्शन) वापरूनही हे करता येतं. पण मॉक कुठल्या फंक्शनला लावला यावर ते अवलंबून राहतं. कोडची जागा बदलली की मॉक हुकतो.

चौथा, एरर. एसएमएसची सेवा बंद असली तरी पट्टी झाली पाहिजे, हा नियम बहुतेकांच्या कोडमध्ये 'ट्राय-एक्सेप्ट-पास' अशा तीन ओळींत लिहिलेला असतो. पट्टी होते खरी, पण एसएमएस गेला नाही याची नोंद कुठंच राहत नाही. खोटी एसएमएस सेवा लावा, तिला एरर द्यायला सांगा आणि मग तपासा: मूळ स्पॅनचा स्टेटस एरर नाही, पण 'एसएमएस.पाठव'चा स्टेटस एरर आहे आणि त्याच्यावर 'एक्सेप्शन' नावाची घटना (स्पॅनच्या आत वेळेसह टिपलेली नोंद) नोंदली आहे. विथ ब्लॉकमधून एक्सेप्शन बाहेर पडलं तर पायथनची लायब्ररी ही नोंद आपोआप करते. ब्लॉकच्या आतच ते पकडलंत तर काहीच नोंदत नाही. तिथं 'रेकॉर्ड एक्सेप्शन' आणि 'सेट स्टेटस' हाताने लिहावं लागतं. ट्राय हा विथच्या बाहेर ठेवला की हा प्रश्नच येत नाही.

किती मिलिसेकंद लागले यावर असर्ट लिहू नका. सीआयचं मशीन कधी रिकामं असतं, कधी त्यावर चार बिल्ड चालू असतात. वेगाची चिंता असेल तर क्वेरींची संख्या मोजा, ती मशीनप्रमाणे बदलत नाही.

पायरी ७: शेतकऱ्याचा नंबर ट्रेसमध्ये जातो का

ही पायरी कुणी करत नाही, म्हणून वेगळी काढली. ट्रेस दुकानाच्या सर्व्हरवरून कुठल्या तरी क्लाउडमध्ये जातात, तिथं महिनोन्‌महिने राहतात आणि टीममधला कुणीही ते उघडू शकतो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे २०२३ मध्ये झाला. पण कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या शेतकऱ्यानं आपला बँक खाते क्रमांक पट्टीसाठी दिला, तो डेव्हलपरच्या स्क्रीनवर दिसायचं काही कारण नाही.

सांगलीतल्या एका टीमच्या ट्रेसमध्ये असे नंबर निघाले होते. कोडमध्ये कुणीही मोबाइल नंबर ॲट्रिब्यूट म्हणून घातला नव्हता. एसएमएस सेवेची यूआरएल होती, तिच्यात नंबर क्वेरी पॅरामीटर म्हणून जात होता, आणि एचटीटीपीचं तयार इन्स्ट्रुमेंटेशन पूर्ण यूआरएल इमानेइतबारे नोंदवत होतं. दुसरी गळती एरर मेसेजमधून: 'नंबर अमुक चालत नाही' असा मजकूर एक्सेप्शनसोबत घटनेत जाऊन बसतो.

टेस्ट सोपी आहे. नोंदणी ते पट्टी हा पूर्ण प्रवास एका खोट्या शेतकऱ्यासाठी चालवा. त्याला ओळखू येईल असा एक ठरावीक मोबाइल नंबर आणि खाते क्रमांक द्या. मग संग्रहातल्या प्रत्येक स्पॅनचं नाव, प्रत्येक ॲट्रिब्यूट, स्टेटसचं वर्णन आणि प्रत्येक घटनेची ॲट्रिब्यूट्स स्ट्रिंगमध्ये बदलून त्यांत ते दोन्ही नंबर शोधा. 'सहा ते नऊनं सुरू होणारे दहा अंक' असा पॅटर्न लावण्याचा मोह होतो, पण तो लॉट नंबर, पावती नंबर, कशालाही चिकटतो आणि टेस्ट उगाच ओरडते. ठरावीक नंबर शोधणं जास्त भरवशाचं.

पायरी ८: थ्रेड आणि दुसरी सेवा

झाड तुटलेलं दिसतं, म्हणजे एकाच कामाचे दोन वेगळे ट्रेस दिसतात, तेव्हा बहुतेक वेळा थ्रेड आडवा आलेला असतो. सध्याचा स्पॅन कोणता हे पायथनमध्ये कॉन्टेक्स्ट व्हेरिएबलमध्ये ठेवलेलं असतं. असिंकआयओच्या टास्कमध्ये ते आपोआप जातं. थ्रेड पूल एक्झिक्युटरमध्ये जात नाही. एसएमएस मागच्या थ्रेडवर पाठवत असाल तर काम सोपवताना चालू कॉन्टेक्स्ट सोबत द्या आणि थ्रेडमध्ये गेल्यावर तो 'अटॅच' करा, काम झालं की 'डिटॅच'. थ्रेडसाठी तयार इन्स्ट्रुमेंटेशनही आहे. टेस्ट एका ओळीची: संग्रहातल्या सगळ्या स्पॅनचा ट्रेस आयडी एकच आहे. थ्रेडचं काम संपेपर्यंत थांबून मगच संग्रह वाचा, कारण न संपलेला स्पॅन यादीत येतच नाही.

दुसऱ्या सेवेकडे जाताना ट्रेस आयडी 'ट्रेसपॅरेंट' नावाच्या एचटीटीपी हेडरमधून जातो. वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं २०२० मध्ये हा फॉरमॅट प्रमाण केला. त्यात चार तुकडे असतात: आवृत्ती ००, मग ट्रेस आयडी, मग पाठवणाऱ्याचा स्पॅन आयडी, शेवटी फ्लॅग, ट्रेस सॅम्पल झाला असेल तर ०१. मधल्या डॅशसकट एकूण ५५ अक्षरं. दोन्ही सेवा एकत्र उभ्या न करताही हे तपासता येतं. पाठवणाऱ्या बाजूला: स्पॅन चालू असताना एका रिकाम्या डिक्शनरीत 'इन्जेक्ट' करा आणि आलेल्या हेडरमधला ट्रेस आयडी आपल्या स्पॅनशी जुळवा. घेणाऱ्या बाजूला: हाताने बनवलेलं हेडर देऊन रिक्वेस्ट मारा आणि सर्व्हरच्या स्पॅनचा पालक तोच स्पॅन आयडी आहे का बघा. हाताने बनवताना सगळी शून्यं देऊ नका. तो आयडी अवैध मानला जातो, सर्व्हर नवा ट्रेस सुरू करतो आणि तुम्ही आपल्या कोडला दोष देत बसता.

पायरी ९: सीआयमध्ये

टेस्ट लाल झाली की पायरी ५ मधलं झाड छापणारं फंक्शन आपोआप चालेल असं फिक्स्चरमध्ये जोडा. 'अपेक्षित १, मिळाले २' एवढ्या ओळीवरून कुणाला काही कळत नाही. झाड समोर असलं की दुसरा एसएमएस कुठून गेला ते बसल्या जागी दिसतं. टेस्ट पास झाली असेल तर काहीही छापू नका, लॉग उगाच फुगतो.

इन्स्ट्रुमेंटेशन पॅकेजच्या आवृत्त्या फाइलमध्ये गोठवून ठेवा. त्यांनी दिलेल्या ॲट्रिब्यूट्सची नावं बदलतात. एचटीटीपीच्या ॲट्रिब्यूट्सचे संकेत २०२३ च्या अखेरीस स्थिर झाले आणि तेव्हा मेथड, स्टेटस कोड यांची नावं जुन्यापेक्षा वेगळी ठरली. डेटाबेसच्या नावांतही तसाच बदल झाला. क्वेरी स्पॅन ओळखण्याचं काम एकाच छोट्या मदतनीस फंक्शनमध्ये ठेवलंत, तर आवृत्ती वाढवाल त्या दिवशी दुरुस्ती एकाच जागी करावी लागेल. वाढवायचं काम मात्र हंगाम उतरल्यावर काढा. फेब्रुवारी ते मे या काळात यार्डातलं कुठलंच दुकान तुम्हाला सर्व्हरला हात लावू देणार नाही.